थांबल्यावर विझणारा दिवा

मला थांबता येत नाही. हे कौतुकानं सांगत नाही, याचा मला त्रासच जास्त झाला आहे. बँकेच्या खिडकीपुढे, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरच्या बाकावर, कुठंही मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत असते. आई म्हणायची, "हे पोट्टी तं पोटातूनबी घाईघाईनंच आली."

आमचं घर बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आणि माझी नोकरी अमरावतीला, एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये. जायला-यायला शेअर ऑटो होते. पण सवाऱ्या भरल्याशिवाय ऑटोवाला हलायचा नाही, आणि आत कोंबून बसलेल्या बायकांना त्याचं काहीच वाटायचं नाही. माझं डोकं तापायचं. एकदा मी म्हटलं, "दादा, निघा नं आता." तो म्हणाला, "ताई, घाई असंन तं पैदल निंगा." मी खरंच उतरले आणि पायी निघाले. थोड्या वेळानं तोच ऑटो माझ्या बाजूनं पुढं गेला, आणि आतल्या बायका हात हलवून हसल्या. त्याच आठवड्यात मी कॉलेजातली जुनी लेडीज सायकल पुसून बाहेर काढली.

जाणं सोपं होतं, सकाळचं ऊन आणि पाठीमागचा वारा. प्रश्न परतीचा होता. भारनियमनाची वर्षं होती ती. माझी ड्युटी सात वाजून गेल्यावर सुटायची, कारण खेड्यांतले पेशंट संध्याकाळीच यायचे. दिवसभर शेतात काढायचा, अंगावर सोसवेनासं झालं की निघायचं. कुणाच्या नाकातोंडात फवारणीचं औषध गेलेलं असायचं, कुणी ते स्वतःहून घेतलेलं असायचं. रक्ताच्या नळीवरून आम्हाला यातलं काही कळायचं नाही. बाहेर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरून कळायचं. ती माणसं इतकी गप्प बसलेली असत की मला त्यांच्यासमोरून नुसतं जायचीही चीड यायची. चीड कुणाची ते सांगता येत नसे. मग मी सायकलवर बसून ती सगळी पायडलवर काढायची.

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सगळी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला माणूस, त्यामुळे जगाकडे मागून पाहायची सवय. मी अंधारात सायकलवर येते हे त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. ते रोज संध्याकाळी आमच्या वस्तीकडे येणाऱ्या रेल्वेपुलाच्या पायथ्याशी येऊन उभे राहायचे. त्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एका सायकलस्वाराला टेम्पोनं उडवलं. तो वाचला, पण पाय गेला. त्या रात्री बाबांनी जेवताना सांगून टाकलं, "दिवा नाई तं नोकरी नाई."

आई लगेच म्हणाली, "नोकरीच कावून पायजे? पाहाले येनाऱ्यायले सांगतो आता का, पोरगी घरीच असते म्हनून."

मी ताट तसंच ठेवून उठले. ती नोकरी माझी होती. घरात दिवसभर बसायचं म्हटलं की माझा श्वास कोंडतो, हे या दोघांना कसं सांगावं ते मला कधी सुचलं नाही, म्हणून मी उठून जायची.

दिव्याचे बरेच प्रयोग झाले. हँडलला बांधलेली बॅटरी खड्ड्यात उडून पडली. चाकाला घासणारा जुना डायनामो लावला, तर तो घरघर करत सगळा जोर खाऊन टाकायचा आणि पावसात टायरवरून घसरायचा. मग दिवाळीच्या आधी माझा मामेभाऊ कंपनीच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला जाऊन आला आणि येताना माझ्यासाठी एक खोका घेऊन आला. त्यात चाकाच्या मधोमध बसणारा डायनामोचा हब होता, पुढचा दिवा होता, मागचा लाल दिवा होता, आणि वर एक चिमुकला सायकल कॉम्प्युटर. वेग दाखवणारा, अंतर दाखवणारा, सरासरी काढणारा. मी तो हातात घेतला आणि मला वाटलं, कुणीतरी माझ्याच स्वभावासाठी हे यंत्र बनवलं आहे.

बाबांनी आधी मागचा दिवा उचलला. पुढच्याकडे पाहिलंही नाही.

"पुढचा दिवा तुह्यासाठी," ते म्हणाले. "मांगचा बाकीच्यायसाठी. गाडी ठेसनातून गेली का ठेसनमास्तर शेवटचा लाल दिवा पाहे. तो दिसला तं गाडी पुरी गेली. नाई दिसला तं समजायचं, गाडी मधीच तुटली, अर्धे डबे मांगं राहिले."

हब बसवायला आम्ही वस्तीतल्या मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री आणि बाबा लहानपणापासूनचे भांडकुदळ दोस्त. त्यानं हब उलटसुलट फिरवून पाहिला, भोकं मोजली आणि म्हणाला, "गार्डसाब, ये तो छत्तीस का है. अपनी रिम बत्तीस की. चार स्पोक कम डाल देता, किसको दिखनेवाला है?"

"मले दिसन," बाबा म्हणाले. "चार नट कमी लावून कोनी डबा जोडते काय?"

"डबा नहीं है ना ये, सायकल है."

"माही पोरगी बसनार हाये त्याच्यावर."

दोघं अर्धा तास भांडले. मी मध्ये उभी राहून घड्याळ पाहत होते. शेवटी ठरलं, छत्तीस भोकांची रिम आणायची. ती बडनेऱ्यात नव्हती, अमरावतीत मिळाली ती दुसऱ्या मापाची. मला तर वाटलं, झालं, चार स्पोक कमी तर कमी. पण बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे रेल्वेचा पास खिशात घालून अकोल्याला गेले, आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं रिम खांद्यात अडकवून परत आले. डब्यात गर्दी इतकी, की लोकांनी त्या रिमलाच पिशव्या अडकवल्या म्हणे. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, जसा निवृत्तीनंतर मी पाहिला नव्हता.

मिस्त्रीनं चाक विणलं. हब सायकलच्या पुढच्या चिमट्यापेक्षा थोडा रुंद निघाला, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी ओढून चिमटा फाकवला. तार कुठल्या बाजूनं घ्यायची यावर पुन्हा भांडण झालं. शेवटी सगळं जागेवर बसल्यावर मिस्त्रीनं हबवर तो रंगीबेरंगी धाग्यांचा गोंडाही चढवला, आपल्याकडे प्रत्येक सायकलच्या हबला असतो तसा. म्हणाला, "परदेस की है तो क्या, गजरा तो लगेगा." कॉम्प्युटरचं चुंबक एका स्पोकला लावलं, त्याची बारीक तार ब्रेकच्या तारेला गुंडाळत हँडलपर्यंत आणली. त्याला चाकाचा घेर सांगावा लागतो. बाबांनी अंगणात खडूनं खूण केली, मला सायकलवर बसवलं, चाक बरोबर एक फेरा फिरेपर्यंत धरून पुढं ढकललं आणि दुसरी खूण केली. मला बसवलं ते टायर माझ्या वजनानं किती दबतो तेही धरायला पाहिजे म्हणून. हे सगळं होईपर्यंत मी निदान दहा वेळा "झालं का?" विचारलं असेल.

त्या संध्याकाळी लाइट गेलेली होती. बाबांनी सायकल स्टँडवर लावून पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. पुढचा दिवा पिवळा पेटला, मागचा लाल पेटला, आणि गल्लीतली पोरं ओरडली. चाक हळू झालं तसा उजेड थरथरला. चाक थांबलं आणि दोन्ही दिवे विझले.

बाबांनी परत फिरवलं. परत पेटले, परत विझले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"थांबली का इझते?"

"चाक फिरलं तरच वीज होते बाबा."

आई दारातून म्हणाली, "म्हंजे तुह्यासारखीच हाये. थांबली का जीव जाते."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते बराच वेळ विझलेल्या मागच्या दिव्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी नियम सांगितला. अमरावती सोडली की पुलापर्यंत मध्ये कुठंही थांबायचं नाही. पुलाच्या पायथ्यापासून सरळ रस्त्यावर बराच लांबपर्यंतचं दिसतं. ट्रकचे दिवे उंच आणि पांढरे, तुझा खाली आणि पिवळा, तो मला ओळखू येईल. तो मध्येच विझला तर मी समजेन की काहीतरी झालं. आणि तसं एकदा जरी झालं, तर नोकरी बंद.

मला कुठं थांबायचं होतं? मी आनंदानं कबूल केलं.

मग सुरू झाले ते दिवस मला फार आवडायचे. ड्युटी संपून लॅबचा कोट खुंटीला अडकवला की मी सुटायची. कॉम्प्युटरवर आकडा चढायचा आणि मी त्याच्या मागं लागायची. कालच्यापेक्षा आजची सरासरी जास्त पाहिजे. थांबलं की सरासरी घसरते, म्हणून मी गाईला, खड्ड्याला, समोरच्या रिक्षाला शिव्या द्यायची, पण ब्रेक लावायची नाही. पुलाच्या पायथ्याशी बाबा हातबत्ती घेऊन उभे असायचे. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना भेट दिलेली, एकाच बत्तीत लाल, हिरवा आणि पांढरा. माझा पिवळा दिवा दिसला की ते हिरवा दाखवायचे. मी घंटी वाजवत त्यांच्या बाजूनं न थांबता पूल चढायची. ते वळून माझा लाल दिवा पुलावर चढून पलीकडे जाईपर्यंत पाहायचे. मग मागून रुळांच्या कडेच्या जवळच्या वाटेनं पायी घरी यायचे, चपला दाराशी काढायचे आणि आईला सांगायचे, "गाडी पुरी आली." त्यानंतरच जेवायला बसायचे.

असे आठवडे गेले. कापसावर शेवटच्या फवारणीचे दिवस होते, दवाखाना भरलेला होता. एका संध्याकाळी मी अर्ध्याहून जास्त रस्ता कापला होता आणि सरासरी त्या दिवशी फार छान होती. समोर रस्त्याच्या कडेनं एक बाई चालत होती. डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही. मी तिच्या बाजूनं पुढं गेले. माझ्या दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा दिसला आणि मी ओळखलं. दुपारी तिच्या नवऱ्याचं रक्त मीच काढलं होतं. फवारताना वारा फिरला आणि औषध त्याच्या अंगावर आलं होतं. रिपोर्ट घ्यायला ती माझ्या खिडकीशी उभी होती आणि मी नेहमीसारखं घाईनं म्हटलं होतं, "बसा, वेळ लागेल." ती बसली नव्हती. उभीच राहिली होती.

मी पुढं निघून गेले. चांगले दोनतीन खांब पुढं. मग माझ्या हातांनी ब्रेक लावला. आजही सांगते, मी ठरवून थांबले नाही. दिवा थरथरला आणि विझला.

ती जवळ आली. म्हणाली, "त्याईले बरं हाये म्हंते डॉक्टर. पन घरी म्हैस हाये, लेकरं हायेत. रातची पॅसेंजर पकडतो, सकाळी येतो वापस." मुर्तिजापूरच्या पुढं कुठंतरी तिचं गाव होतं. ऑटोवाल्यानं सवाऱ्या कमी म्हणून अर्ध्यातच उतरवून दिलं होतं. मी तिला कॅरिअरवर बसायला सांगितलं. ती दोन पावलं मागं सरली. "नाई ताई, मी कदी बसलोच नाई. पडीन."

मग मी गाठोडं कॅरिअरला लावलं आणि तिच्यासोबत चालू लागले. चालण्याच्या वेगानं तो दिवा पेटत नाही, नुसता काजव्यासारखा लुकलुकतो. कॉम्प्युटर चार दाखवत होता. मला बाबांची आठवण झाली, आणि मी स्वतःला सांगितलं की पूल काही लांब नाही, गेल्यावर सांगू. मला दर दोन मिनिटांनी सायकलवर चढून पळावंसं वाटत होतं आणि मी चालत होते.

थोडं पुढं गेल्यावर लक्षात आलं की समोरून एकही गाडी येत नाही. पुढं लांबवर ट्रकच्या दिव्यांची रांग उभी होती, दोन्ही बाजूंनी. त्या दिव्यांच्या मधोमध एक लहानसा लाल दिवा आडवा हलत होता, या टोकाकडून त्या टोकाकडे, थांबत नव्हता.

मला वाटलं, ॲक्सिडेंट. मग वाटलं, बाबा. अंधारात रस्ता ओलांडताना बाबांनाच काहीतरी झालं. मी त्या बाईला म्हटलं, "या मागून," आणि सायकलवर उडी मारली. दिवा भक्कन पेटला.

पुढचा लाल दिवा हलायचा थांबला. क्षणभर तसाच राहिला आणि हिरवा झाला.

तो हिरवा आपल्यासाठी आहे असं समजून सगळ्यात पुढचा ट्रक गुरगुरत सुटला. मग मी पाहिलं, धोतराचा सोगा कमरेला खोचलेले माझे बाबा रस्त्याच्या बरोबर मध्ये उभे होते आणि वरूडहून संत्री भरून निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांना खिडकीतून ओरडत होता, "बाबाजी, फाटक तरी हाये काय अठी?"

"फाटक नाई," बाबा ओरडले. "माही गाडी सेक्शनमधी होती."

दोन स्टेशनांमधल्या रुळाला रेल्वेत सेक्शन म्हणतात. माझा दिवा विझलेला पाहून ते धावत निघाले होते. मी रस्त्यात पडलेली असेन आणि अंगावरून काहीतरी जाईल, म्हणून त्यांनी दोन्हीकडचा रस्ता बंद करून टाकला होता. बंद पडलेल्या गाडीच्या मागं गार्डनं लाल बत्ती घेऊन जायचं असतं, तसं. सगळी हयात तेच शिकलेला माणूस. दुसरं काय करणार?

पण मला त्या वेळी यातलं काही सुचलं नाही. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. "तुम्हाला काय वेड लागलं का बाबा? मेले असते तुम्ही!"

"कावून थांबली?"

"थांबले! माणूस थांबत नाही का कधी?"

"कावून थांबली म्हनतो मी!" त्यांचा आवाज फाटला होता. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. बाजूनं एकेक ट्रक हळू होत जात होता आणि प्रत्येक ड्रायव्हर आमच्याकडे पाहत होता.

तेवढ्यात मागून ती बाई आली. धापा टाकत म्हणाली, "भाऊ, पॅसेंजर गेली काय व?"

बाबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, कॅरिअरवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "लेट हाये. अजून मांगचं ठेसन नाई सोडलं तिनं. चाला."

स्टेशनवर त्यांनी तिला बायकांच्या डब्यात बसवून दिलं. गाडी हलली. मला घाई होती, पण ते प्लॅटफॉर्मवर उभे राहिले, शेवटचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत. आम्ही घरी पोचलो. आईला कुणीतरी आधीच येऊन सांगितलं होतं. तिनं वाढता वाढता म्हटलं, "आता बंद. उद्यापासून कुठी जाचं नाई." मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. नियम मीच कबूल केला होता. त्या रात्री मी कूस बदलत पडले आणि नोकरी गेली असं समजून, लॅबमधल्या खुंटीवर माझा कोट किती दिवस राहील याचा विचार करत राहिले.

सकाळी अंगणात हातोडीचा आवाज आला. बाबा सायकलपुढं उकिडवे बसले होते. मागच्या मडगार्डला त्यांनी पत्र्याची पट्टी वाकवून बसवली होती आणि त्या पट्टीत आपली हातबत्ती ठोकून ठोकून पक्की करत होते. काच लाल केलेली. तिला चाकाशी काही देणंघेणं नव्हतं, ती सेलवर चालायची.

"ही तर तुमची आहे," मी म्हटलं.

"हं."

"मग संध्याकाळी तुम्ही काय दाखवणार?"

त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा लागते कदी कदी," ते म्हणाले. "थांबली तरी दिसली पायजे फक्त." मग आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिचा डबा भर, उशीर होऊन राहिला."

त्या संध्याकाळी पुलाच्या पायथ्याशी कुणी नव्हतं. मी इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिथं उतरले आणि आजूबाजूला पाहिलं. पुढचा दिवा विझला, मागचा लाल चालूच होता. बाबा ज्या दगडावर उभे राहायचे तो रिकामा होता. मला फार चुकल्यासारखं वाटलं आणि मी जोरात पूल चढून घरी आले.

आई ओट्यावर बसली होती. मी विचारलं, "बाबा?"

"जेवले आन् झोपले. म्हने, तिची वाट पाहाची गरज नाई आता."

आत खाटेवर बाबा भिंतीकडे तोंड करून, अंगावर पांघरूण घेऊन पडले होते. छान संथ श्वास चालला होता, जरा जास्तच संथ. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि तिनं बोटानं खाली दाखवलं. पांघरुणाच्या बाहेर बाबांचे पाय होते, आणि पायांत पुलावरच्या धुळीनं माखलेल्या चपला.